पंप बंद झाल्यावर

खाण चालू असते तोवर पाणी हा तिचा वैरी असतो. जितकं खोल जावं तितकं ते चहूबाजूंनी पाझरतं आणि रात्रंदिवस पंप लावून बाहेर फेकावं लागतं. पंप थांबला की खाण थांबली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात क्रॉस्बी आणि आयर्नटन ही लागून असलेली दोन छोटी गावं आहेत. तिथल्या लोखंडाच्या खाणींनी हे वैर सत्तरेक वर्षं निभावलं.

1895 च्या सुमारास कायलर ॲडम्स नावाचा गृहस्थ त्या भागात जमीन पाहत फिरत होता. होकायंत्राची सुई नको तिथे वळते आहे हे त्याच्या लक्षात आलं. सोबत त्याची कुत्री होती, यूना. मालक आणि कुत्री या दोघांच्या नावांतून पुढे त्या खनिजपट्ट्याला कायूना हे नाव मिळालं. या लोहखनिजात मँगनीज भरपूर होतं, कणखर पोलादासाठी ते लागतं, त्यामुळे दोन्ही महायुद्धांत या खाणींना उसंत नव्हती.

आणि याच पट्ट्यात पाण्यानं एकदा आपला डाव साधला. 5 फेब्रुवारी 1924 च्या दुपारी मिलफर्ड या भूमिगत खाणीत शेजारच्या तळ्याचं पाणी आणि चिखल एकदम घुसला. वीसेक मिनिटांत खाण जवळजवळ काठोकाठ भरली. 41 माणसं गेली, सातजण शिडीनं कसेबसे वर आले. क्लिंटन हॅरिस हा कामगार तळाशी धोक्याची शिटी वाजवत थांबला. तो स्वतः वर आला नाही. ती शिटी नंतर कित्येक तास वाजत होती. मृतदेह बाहेर काढायला महिनोन् महिने लागले, कारण त्यासाठी आधी पाणी उपसायचं होतं.

या पट्ट्यातल्या, आता पाण्यानं भरलेल्या उघड्या खाणींमध्ये आज लोक मासे पकडायला जातात. मिलफर्डची गोष्ट माहीत असल्याशिवाय त्या पाण्याकडे पाहू नये असं मला मनापासून वाटतं.

खाणी टप्प्याटप्प्यानं बंद झाल्या आणि पंप थांबले. मग भूजल आपल्या गतीनं वर चढत गेलं. मधल्या काळात खाणीच्या पायऱ्यांवर ॲस्पेन आणि बर्चची झाडं रुजली होती, तीही पाण्याखाली गेली. काठावर उभं राहून खाली पाहिलं तर त्यांचे पांढुरके बुंधे अजून दिसतात, इतकं ते पाणी नितळ आहे. आजूबाजूची माती तांबडी, गंजाच्या रंगाची, आणि मधे हे हिरवंनिळं पाणी. त्यातली सगळ्यात खोल खाण 400 फुटांहून खोल आहे. कडे इतके सरळ उतरतात की काठापासून दोन पावलांवर विहिरीइतकी खोली लागते.

नितळ पाणी पाहून आपण सुखावतो. पण नितळ याचा अर्थ त्यात खायला फारसं काही नाही. उथळ काठ नाही, म्हणून पाणवनस्पती नाहीत. शेतांतून वाहून येणारा गाळ नाही, म्हणून शेवाळ कमी. आता ट्राउट या माशाची गरज पाहा. त्याला पाणी गार लागतं, आणि त्या गार पाण्यात भरपूर प्राणवायूही लागतो. भर उन्हाळ्यात साधारण तळ्यात या दोन गोष्टी एका जागी मिळत नाहीत. वरचा थर कोमट होतो. खालचा थर गार राहतो, पण तळाशी पडलेला पाला आणि मेलेलं शेवाळ कुजताना तिथला प्राणवायू संपवून टाकतं. वर राहावं तर उष्मा, खाली जावं तर घुसमट. खाणीच्या तळाशी कुजायलाच फार काही नसतं, म्हणून तिथे खोलवरसुद्धा श्वास घेता येतो. ज्या उपाशीपणामुळे हे पाणी जवळजवळ निर्जीव होतं, त्याच उपाशीपणामुळे ते ट्राउटच्या कामी आलं.

पण पाणी आपोआप आलं तसा मासा काही आपोआप आला नाही. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले ट्राउट टाक्यांच्या गाडीतून आणून इथल्या काही तळ्यांत सोडतो. त्यात रेनबो असतात, ब्रूक असतात आणि कुठे कुठे ब्राऊन ट्राउटही. ब्राऊन हा मूळचा युरोपातला. 1883 मध्ये जर्मनीतून फॉन बेर नावाच्या बॅरननं त्याची अंडी न्यूयॉर्कच्या फ्रेड मॅदरकडे पाठवली, तिथून त्याचा अमेरिकेतला संसार सुरू झाला. आपल्याकडे तो स्कॉटलंडहून काश्मीरला आला, 1900 मध्ये. पहलगामला गेलेल्या मराठी पर्यटकांनी लिद्दर नदीच्या काठी ज्याचं नाव ऐकलेलं असतं तो हाच मासा.

फरक इतकाच, की लिद्दरमध्ये तो आपला आपण वाढला आणि खाणीत वाढू शकत नाही. मादीला अंडी घालायला वाहतं पाणी आणि खडे लागतात. शेपटीनं खडे उकरून ती खळगा करते, त्यात अंडी घालते, वरून पुन्हा खडे लोटते. खाणीच्या तळ्याला येणारा ओढा नाही, जाणारा ओढा नाही. काठाला आहे तो सरळसोट कडा. तरी हिवाळ्याच्या तोंडावर माशाच्या अंगात ऋतू उतरतोच. नराचा रंग गडद होतो, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो, आणि एरवी खोल राहणारे मोठे ब्राऊन संध्याकाळी काठाकाठानं फिरू लागतात. ते ज्या प्रवाहाच्या शोधात असतात तो तिथे नाही. गळ टाकणाऱ्याला हा काळ सगळ्यात लाभाचा, कारण एरवी हा मासा फार सावध असतो, दिवसा सहसा हाती लागत नाही. त्या दिवसांत तंगूस ताणली गेली की मला आनंद होतो आणि त्याच्या जोडीनं दुसरंही काहीतरी होतं, ते मी लपवत नाही.

हातात घेतलेला मासा जरा नीट पाहावा. सोनेरी तपकिरी कूस, त्यावर काळे ठिपके, मधून मधून लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडं. नुकताच सोडलेला असेल तर पाठीवरच्या पराची कड झिजलेली दिसते. सिमेंटच्या हौदात दाटीवाटीनं वाढल्याची ती खूण. तळ्यात एखाद-दोन वर्षं काढलेल्या माशाची कड बरीच भरून आलेली असते.

म्हणजे इथला प्रत्येक ब्राऊन ट्राउट कुणीतरी आणून सोडलेला आहे, आणि सोडणं थांबलं तर काही वर्षांत तळं पुन्हा त्याच्याविना होईल. काहींना यात कृत्रिमपणा दिसतो. मला यात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. इथे जमीन आपोआप पूर्वीसारखी झाली असं कुणी म्हणत नाही. ती झालेली नाही. माणसानं तिथे खड्डा केला, आणि आता त्या खड्ड्यात जीव नांदावा म्हणून माणसालाच पुन्हा पुन्हा जावं लागतं. हौशी मासेमारही या कामातून सुटलेला नाही. नेहमीच्या परवान्यावर ट्राउटसाठी वेगळं शुल्क भरावं लागतं, आणि ते पैसे ट्राउटच्याच कामाला जातात. अशा ट्राउटच्या तळ्यात आमिष म्हणून जिवंत छोटे मासे वापरायला बंदी आहे, कारण त्यातले निसटले तर ते तिथेच वाढतील आणि ट्राउटच्या तोंडचा घास पळवतील. एका माणसाच्या बादलीतून सगळं तळं बिघडू शकतं.

गोव्यात डिचोली-सांगे भागात लोहखनिजाच्या अशाच खाणी आहेत, पावसानं भरलेल्या. महाराष्ट्रात तर गावोगावी दगडखाणी आहेत. आपल्या कोमट पाण्यात ट्राउट जगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. रोहू-कटला आहेत, आपले स्थानिक मासे आहेत. झारखंडमध्ये कोळशाच्या बंद खाणींत पिंजरे लावून मत्स्यपालन सुरू झालं आहे. पण त्याच्याही आधीची गोष्ट अशी, की दर पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो, खाणीच्या पाण्यात पोहायला गेलेली मुलं बुडाली. काठ सरळसोट असतो, बाहेर यायला पाय टेकत नाही, आणि कुंपण नसतं.

तुमच्या गावाजवळ पाण्यानं भरलेली बंद खाण असेल तर आज ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत जाऊन एवढं विचारा: हिला कुंपण कोण घालणार, आणि कधी? त्याचं उत्तर लेखी मिळालं की मग विचारा, या पाण्याचं पुढे काय करायचं ते कुणी ठरवलं आहे का.