कवट्या कुणासाठी?

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, आलेला पर्यटक सकाळी राजवाडा पाहतो आणि दुपारी ‘किलिंग फील्ड्स’ म्हणत टुकटुकमध्ये बसतो. शहराबाहेरच्या चुंग एक या वधस्थळी पोचून कानाला हेडफोन लावतो आणि १९८८ साली बांधलेल्या स्तूपासमोर येतो. काचेआड थरावर थर रचलेल्या पाच हजारांहून अधिक कवट्या. त्यांवर रंगीत ठिपके: कोणता रंग म्हणजे कोणतं हत्यार, वय किती, बाई की पुरुष, याची माहिती शेजारीच लावलेली.

ख्मेर बौद्धांत मृताला अग्नी देतात, भिक्षू सुत्तं म्हणतात, मग उरलेल्या अस्थी स्तूपात ठेवतात. इथे स्तूप आहे, अस्थीही आहेत. अग्नी तेवढा राहून गेला. हिंसेने मेलेल्याचा आत्मा भटकत राहतो, असं तिथली खेडी मानतात. बुद्धाने आत्मा नाकारला हे खरं, पण आईची कवटी यातली कोणती असेल असं शोधणाऱ्या लेकाला अनात्मवाद कोण ऐकवणार?

ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत, एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात, १५ ते २० लाख माणसं मेली. भिक्षूंची चीवरं उतरवली गेली, त्यामुळे सुत्तं म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं. चुंग एकला मारलेले बहुतेक जण तुओल स्लेंगच्या तुरुंगातून आणलेले. तुरुंग होण्याआधी तुओल स्लेंग ही शाळा होती.

राजे सिहानुक यांचा आग्रह होता की अस्थींना अग्नी द्यावा. तत्कालीन पंतप्रधान हुन सेन यांचं म्हणणं होतं, हा पुरावा आहे, तो जाळायचा नाही. तेव्हा ते पटण्यासारखं होतं, कारण ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटले उभे राहायचे होते. पण ते खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा शेवटचा निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये लागला. आता पुरावा कुणापुढे मांडायचा? उरला तिकीट काढून आलेला पाहुणा. त्याने पाहावं म्हणून हे मृत अजून चितेवाचून आहेत, आणि प्रवाशाला अवघडून टाकणारी गोष्ट हीच आहे.

कंबोडियाचा पितरांचा सण, प्चुम बेन, आपल्या पितृपक्षाच्याच सुमारास येतो. पंधरा दिवस भिक्षूंना अन्नदान, पहाटे प्रेतांसाठी भाताचे पिंड, आणि अमावास्येला सगळा गाव विहारात. मृत्यूची तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे; तिथे तर देशाच्या एका अख्ख्या पिढीची तिथी हरवली आहे.

बघायला जाऊ नये, असं याचं उत्तर नाही. हा नरसंहार नाकारणारे असतातच, २०१३ साली कंबोडियाला त्यासाठी कायदा करावा लागला. पण पुराव्याला सगळ्या कवट्या लागत नाहीत. आता संग्रहालय झालेल्या तुओल स्लेंगमध्ये भिंतीवर कवट्यांनी रचलेला देशाचा नकाशा होता. २००२ साली तो उतरवला. कैद्यांचे आत येतानाच काढलेले फोटो आजही तिथे आहेत आणि ते पाहून माणसं सुन्न होतात. अग्नी द्यायचा की नाही, हे अर्थात ख्मेर कुटुंबांनी ठरवायचं. पण पर्यटकाची सोय हे न देण्याचं कारण होऊ नये.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ही स्थळं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. आता गर्दी वाढेल. जाणाऱ्यांनी स्तूपापुढे सेल्फी काढू नये, आणि पावसाळ्यात गेल्यास खाली बघून चालावं: मातीतून अजून हाडं आणि कपड्यांच्या चिंध्या वर येतात. त्यांना हात न लावता कर्मचाऱ्यांना सांगावं.