रिपोर्टात नसलेला आकडा

ऑगस्ट 2020 मध्ये इंदूरच्या 85 वॉर्डांतून लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले. सात ते आठ टक्के नमुन्यांत कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या. 'आपल्याला होऊन गेला, आता धोका टळला' असं मानून तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो सुस्कारा मला आजही अस्वस्थ करतो.

त्याआधी, एप्रिलमध्ये परदेशातून आलेली अँटीबॉडी शोधणारी रॅपिड किटं इतकी चुकीची निघाली, की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) राज्यांना ती परत करायला लावली. त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने स्वतःची एलायझा अँटीबॉडी चाचणी तयार केली, 'कोविड कवच'. संसर्ग होऊन गेलेल्या शंभरांतले सुमारे 92 ती ओळखते आणि न झालेल्या शंभरांतल्या 98 जणांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. चाचणी चांगलीच आहे. पण अशी चाचणी हजार जणांवर केली आणि त्यांतल्या 60 जणांनाच खरोखर संसर्ग झालेला असला, तर? त्यांतले 55 सापडतील. उरलेल्या 940 निरोगी माणसांतही 19 जण उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे 74 पॉझिटिव्ह रिपोर्टांतले 19 खोटे, जवळजवळ चौघांत एक! त्या चौथ्या माणसाने मास्क काढून ठेवला, तर दोष किटचा म्हणायचा का?

2021 च्या जून-जुलैत देशपातळीवरच्या पाहणीत मध्य प्रदेशातल्या 79 टक्के लोकांत अँटीबॉडी आढळल्या. तेवढ्या फैलावात हीच चाचणी हजारांत जेमतेम चार खोटे पॉझिटिव्ह देईल. किट बदललं नाही, आजूबाजूची साथ बदलली. साथ किती पसरली आहे हा आकडा कुठल्याच लॅबच्या कागदावर छापलेला नसतो, आणि तो विचारायचं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कागदावर नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे दिवस. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने फणफणलेल्या पोराचं रक्त दुसऱ्या दिवशीच तपासलं, तर आयजीएम अँटीबॉडीची चाचणी बहुधा निगेटिव्ह येते, कारण या अँटीबॉडी तयार व्हायला पाचेक दिवस लागतात. तोवर उपयोगी पडते ती खुद्द विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-1 चाचणी. म्हणून जाणते डॉक्टर रिपोर्ट हातात घेण्याआधी विचारतात, "ताप नक्की कधीपासून आहे?"