चष्मा उतरवल्यावर

भिलाईतल्या आमच्या मंडळाच्या पत्रिका मीच सजवतो. यंदा गुढीपाडव्याच्या पत्रिकेत केशरी रंगावर पिवळी अक्षरं घेतली होती. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका ती खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "छान झालीय रे. फक्त कार्यक्रम किती वाजता, तेवढं सांग." ज्यांनी उमेदीची वर्षं ब्लास्ट फर्नेससमोर काढली, त्यांना मी साधी वेळही वाचू दिली नव्हती.

काकांना मोतीबिंदू आहे. डोळ्याचं भिंग गढूळ झालं की जवळजवळचे रंग एकमेकांत विरघळतात. हे मला आधीच तपासता आलं असतं. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये पान धूसर करून किंवा रंगभेद पुसून पाहता येतं. रंगांधांना चित्र कसं दिसेल, हे फोटोशॉप दाखवतं. केंब्रिज विद्यापीठाने तर मंद नजरेचा अनुभव देणारे खास चष्मे बनवलेत. एकावर एक चढवले की नजर आणखी मंदावते. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ असावं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे.

ही साधनं वापरायलाच हवीत. पण तो चष्मा आपण दोन मिनिटांत उतरवतो. तेवढ्यात आपल्याला चाचपडणं कळतं. मंद नजरेने वर्षानुवर्षं जगताना कमावलेलं कसब कळत नाही. मग मनात दया दाटते आणि समोरच्याला काय जमणार नाही, हे आपणच ठरवून टाकतो. चित्रपट संकलन शिकू पाहणाऱ्या एका रंगांध उमेदवाराला असाच प्रवेश नाकारला गेला होता. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेला रंगांधांसाठी दारं उघडायला सांगितली.

चष्म्यातून दोष दिसतो तो आपल्या कामाचा. माणूस समजून घ्यायचा, तर त्याच्याशेजारी बसावं लागतं.

गणेशोत्सवाची पत्रिका मी पांढऱ्यावर काळ्या, ठळक अक्षरांत केली, संगणकावर धूसर करून तपासली आणि छापण्याआधी नमुना घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी आरतीची वेळ घडाघडा वाचली. मग कागद दिव्याखाली तिरका करत म्हणाले, "एवढा गुळगुळीत कागद नको घेऊस. ट्यूबलाइट चमकते यात, डोळे दिपतात."

संगणकाने मला हे सांगितलं नव्हतं. मीही याआधी कधी काकांना विचारलं नव्हतं.