हलकी तार

सोपे करून घेतलेल्या कामाकडे आपल्याकडे जरा संशयानेच पाहतात. पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव न्यारी, हे मलाही मान्य आहे. पण तिची वाहवा करताना आपण पुष्कळदा चवीपेक्षा वाटणारीच्या दुखऱ्या खांद्यांचेच कौतुक करीत असतो. दिवाळीच्या फराळाचे तर विचारूच नका. रात्रभर जागून केलेल्या चकल्यांना जे पुण्य लागते, ते दोन तासांत झालेल्या चकल्यांना लागत नाही!

निलंग्याच्या आमच्या शाळेतून शिकून पुण्याला गेलेल्या एका मुलीने हा प्रश्न माझ्यापुढे टाकला. ती बेस गिटार वाजविते. हे खर्जातले वाद्य. एरवी त्याला चार तारा असतात, हिच्या वाद्याला पाच. चार तारांतली सर्वांत खालच्या सुराची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर ही पाचवी अवघी ३१ वेळा. जाड तारा दाबून दाबून तिचे मनगट दुखू लागले. हलक्या तारा चढवाव्यात असे तिने ठरविले, तेव्हा साथीदार हसले. हलक्या तारा लेच्यापेच्यांसाठी, असे त्यांचे म्हणणे. "सर, सोपं करून घेणं हा पळपुटेपणा आहे का?" तिने फोनवर विचारले. गिटारीतले मला काय कळणार? पण हा प्रश्न गिटारीचा नव्हताच.

तारेचा हिशेब मात्र मी नीट समजून घेतला. लांबी तीच, धातू तोच आणि सूरही तोच ठेवायचा, तर तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की ताण चौथाईवर येतो. बेसची पहिली तार इंचाच्या ४५ सहस्रांशांऐवजी ४० ची घेतली, तर ताण सुमारे एक पंचमांशाने उतरतो. बोटांना तेवढा विसावा मिळतो. पण तार हे कर्ज दुसरीकडून वसूल करते! ढिली तार जास्त रुंद झुलते, पडद्यांवर आपटून खरखरते, आणि जोराने छेडली की तिचा सूर क्षणभर चढतो. म्हणजे दाबायचे कष्ट वाचले, तरी हात आवरायचे कष्ट वाढले. माझ्या मते हे दुसरे कष्ट अधिक अवघड आहेत. जोर लावणे कुणालाही जमते.

मिरजेत जाऊन पाहा. तिथले तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. पंढरपूरकडचे भोपळे आणून ते तंबोरे घडवितात, आणि २०२४ साली तिथल्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुषी तंबोरा मोठा, त्याच्या तारा जाड. बायकांचा लहान, उंच सुराचा, म्हणून तारा बारीक. बारीक तारांचा तंबोरा घेऊन बसलेल्या गायिकेला कुणी लेचीपेची म्हटल्याचे ऐकले आहे का? गळ्याला साजेल ती तार, इतका सरळ हा व्यवहार आहे. मात्र पुरुषी तंबोऱ्यात मधल्या जोडाच्या तारा बारीक पोलादी असल्या, तरी शेवटची खर्जाची तार जाड पितळेचीच असते. तिथे काटकसर केली, की सारा तंबोरा पोकळ वाटू लागतो.

आमच्याकडच्या हरिनाम सप्ताहाचे उदाहरण तर मला मिरजेहूनही जवळचे वाटते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पण एकाच माणसाने सात दिवस उभे राहावे, असे कुणी म्हणत नाही. पहारे लावलेले असतात. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोनचा पहारा तरण्या पोराला देतात, म्हाताऱ्याला पहाटेचा. म्हाताऱ्याने व्रतात खोट आणली, असे गावाला वाटत नाही, कारण व्रत वीणा अखंड राहण्याचे आहे, खांदे मोडण्याचे नव्हे.

हे सारे मी तिला सांगितले, आणि तिला एकच विचारले : तुझे मनगट दुखते, ते ऐकणाऱ्याला ऐकू येते का? ऐकू येत असेल, तर ते दुखणे वादनात मुरते आहे, सूर बिघडवते आहे. नसेल, तर ते कुणासाठी सोसतेस? साथीदारांना दाखविण्यासाठी सोसलेले दुखणे मला तरी साधना वाटत नाही.

तिने पहिल्या चार तारा हलक्या घेतल्या. पाचवी, ती ३१ कंपनांची, जाडच ठेवली. आवाज किंचित बारीक झाला आहे, असे ती म्हणते, आणि हात आवरायला शिकते आहे. साथीदारांना मात्र तिने अजून सांगितलेले नाही. त्यांनी ओळखले तर सांगेन, नाहीतर कशाला, असे तिचे मत. आपणहून सांगावे, असे माझे. त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.