हात कधी द्यावा, कधी सोडावा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं, "मुलगा 36 वर्षांचा आहे, पण समज लहान मुलाएवढी. डॉक्टर म्हणतात व्यायाम हवा. तो ऐकत नाही. जबरदस्ती करू, की सोडून देऊ?"

हा प्रश्न वाटतो व्यायामाचा, पण आहे धर्मसंकटाचा. माझ्याच घरचं सांगतो.

माझा धाकटा भाऊ 41 वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. आईने त्याला वर्षानुवर्षं हात धरून खुर्चीतून उठवलं, चपला घातल्या, पाणी हातात दिलं. आम्ही म्हणायचो, आई म्हणजे सेवेची मूर्ती! मग आईचे गुडघे गेले. तिला उठवता येईना आणि त्याला उठता येईना. बसून बसून पायांतली ताकदच गेली होती. आमच्याच मायेने त्याचे पाय दुबळे केले, हे कबूल करायला फार जड गेलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. आधी पोहे-जिलबीचं आमिष, नाहीतर दरडावणं. तो रडत रडत हात वर-खाली करायचा. व्यायाम व्हायचा, पण मला त्याच्या डोळ्यांत बघवत नसे.

फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "आधी तुम्ही करा." त्यांनी शिकवलं ते असं. सांगायचं कमी, करून दाखवायचं जास्त. एका वेळी एकच सूचना. रोज तीच वेळ, तीच जागा. खुर्ची भिंतीला टेकवून पाच वेळा उठ-बस. भिंतीवर हात ठेवून ढकलणं. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. सुरुवात दहाच मिनिटांची. दोन चित्रं समोर ठेवायची, चेंडू की फिरणं, आणि निवड त्याची.

आणि तो 'नको' म्हणाला तर? तर थांबायचं, आणि कारण शोधायचं. एकदा चार दिवस 'नको' चाललं होतं. बूट काढून बघितला तर टाचेला फोड! ज्याला दुखणं सांगता येत नाही, त्याचं दुखणं 'नको' होऊन बाहेर येतं. आम्ही त्यालाच हट्ट म्हणत होतो.

एक सावधगिरी जरूर बाळगा. सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो, काहींना जन्मतः हृदयाचा त्रास असतो. शीर्षासन, सर्वांगासन, कोलांटी परस्पर करून घेऊ नका, शिबिरात सगळे करत असले तरी! व्यायाम करताना बोलता येईल इतकाच दम लागू द्या. छातीत किंवा मानेत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिव्यांग प्रौढांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल सांगितली आहे. पण थोडंसं केलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं, असंही त्यांनीच म्हटलंय. आम्ही अजून 150 पर्यंत पोचलेलो नाही.

दत्तजयंतीला आरती सुरू झाली. आईने सवयीने हात पुढे केला. भाऊ म्हणाला, "थांब." खुर्चीचे हात धरले, एकदा बसला, पुन्हा जोर लावला आणि उभा राहिला. आई हात तसाच धरून उभी होती. तिला तो मागे घेणं किती कठीण गेलं असेल, ते तिलाच ठाऊक.

तर ताई, जबरदस्ती नको आणि सोडूनही देऊ नका. "आमच्यानंतर याचं काय?" हा घोर आपल्या सगळ्यांनाच आहे. व्यायामाने तो मिटत नाही. पण जो स्वतः उठू शकतो, त्याला उद्या सांभाळणाऱ्याची थोडी कमी गरज लागेल, आणि आज त्याचा मान राहील. त्याच्यासाठी करणं सोपं असतं. त्याच्याबरोबर करणं, आणि तो उठेपर्यंत वाट बघणं, ही मला वाटतं खरी सेवा.

आज संध्याकाळी आरतीनंतर दहा मिनिटं त्याच्या शेजारी उभे राहून बघा.

जय गुरुदेव 🙏