बोटीवर गेलेला मुलगा



परवा रत्नागिरी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर विशीतला एक मुलगा, व्यापारी बोटीवर रुजू व्हायला निघालेला. त्याची आई पिशवीत कुळथाच्या पिठाचा डबा बसवत होती. डबा काही केल्या मावेना. शेवटी मुलाने आपले बूट बाहेर काढले, डबा आत सारला आणि बूट हातात घेऊन उभा राहिला. “पोचलास की फोन कर रे,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तो मुलगा फार आवडला.

दुसऱ्या महायुद्धातही रत्नागिरीकडची अशीच पोरं व्यापारी बोटींवर खलाशी होती. भटारखान्यात गोव्याची माणसं, खाली बॉयलरपाशी पंजाबी आणि सिल्हेटी. हातात बंदूक नाही आणि पगार गोऱ्या खलाशाच्या जेमतेम पाव. बोट कुठे आहे, हे घरी कळवायलाही बंदी. टॉर्पेडो लागला की बॉयलरपाशी असलेल्यांना वर यायला वेळच मिळत नसे.

२० नोव्हेंबर १९४२ ला ‘तिलावा’ नावाची बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिसऱ्या रात्री, सेशेल्सच्या ईशान्येला, जपानी पाणबुडीने तिला गाठलं. पहिल्या टॉर्पेडोनंतर ती तरंगत राहिली, म्हणून होड्यांत उतरलेली माणसं परत वर चढू लागली, आणि तेवढ्यात दुसरा बसला. २८० जण गेले. त्यांतले २८ बोटीवर काम करणारे. बोटीत चांदीही होती. २०१७ मध्ये तिच्या २,३६४ विटा समुद्रतळातून वर काढल्या गेल्या, आणि त्यांचा खटला थेट लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या २८ जणांची नावं मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकली असतील?

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावं ग्रंथात लिहिली आहेत. त्यात नौदलातले थोडे, व्यापारी बोटींवरचेच फार. तशीच प्रत चितगावलाही आहे.

“ते कुठे सैनिक होते, पोटासाठी गेले होते,” असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पोटासाठी गेलेल्या याच माणसांच्या बोटींनी युद्धात इंग्लंडला धान्य पोचवलं.

कोकणात अजूनही एखाद्या घरात जुना फोटो असतो. ‘बोटीवर गेला तो आलाच नाही’, एवढीच त्याची ओळख उरलेली असते. तुमच्याकडे असा फोटो असेल, तर घरातल्या जाणत्या माणसाला आजच विचारा: नाव काय, बोट कोणती, साल कोणतं. आणि ते फोटोच्या मागे लिहून ठेवा.