अडीनडीच्या नोटा

घाटकोपरच्या भाजीवाल्यापासून बोरिवलीच्या रिक्षाचालकापर्यंत साऱ्यांनी आपलीशी केलेली यूपीआय, म्हणजे फोनवरून एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ रक्कम वळती करणारी २०१६ सालची व्यवस्था, सोयीची आहे यात वाद नाही. मात्र तीत पैसा देणाऱ्याच्या हाती नसतो, तर वीज, मोबाइलचे जाळे, सर्व्हर आणि बँक यांच्या हवाली असतो, आणि त्यांपैकी एकाने मान टाकली तरी व्यवहार खुंटतो.

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडखळली, ती काही तासांपुरती. त्याआधी १३ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध, म्हणजे ठेवी काढण्यास मनाई, लागू केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या शाखेबाहेर खातेदारांची रांग लागली आणि ज्यांचे तेच एक खाते होते त्यांचा फोनही खिशात असून निरुपयोगी ठरला. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेच्या खातेदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये आरंभी सहा महिन्यांसाठी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ठेव विम्यातून, अर्थात बँक अडचणीत आल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या हमीतून, ५ लाखांपर्यंतची रक्कम आता ९० दिवसांत मिळू शकते. पण दूधवाला ९० दिवस थांबत नाही, म्हणून घरात थोडी रोकड हवी.

अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे, या तत्त्वाशी घरातल्या रोकडीचा विरोध दिसतो खरा, परंतु दोन-तीन दिवसांचे दूध, औषधे आणि घरी परतण्याचे भाडे एवढीच रक्कम असेल, तर तिला साठेबाजी म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या देतो’ असे म्हणणारा ग्राहक आपली अडचण ज्याच्यावर ढकलतो, त्याचा गॅस त्याच दिवसाच्या कमाईवर भरायचा असतो. घरात राखलेल्या नोटाही सुट्ट्या हव्यात, कारण मुलुंडला रात्री उतरून ४० रुपयांच्या भाड्यासाठी ५०० ची नोट पुढे करणारा सुट्टे शोधण्याचे काम रिक्षाचालकाच्याच गळ्यात घालतो.

सर्वांत नाजूक प्रश्न घरकामगार बाईंच्या पगाराचा आहे. मालकिणीचे खाते गोठले, तर मालकीण बहिणीकडून उसने घेऊन महिना काढू शकते. बाईंना मात्र खोलीचे भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच द्यावे लागते, म्हणून घरातल्या राखीव रोकडीत त्यांचा एक पगार आधीच धरलेला असणे न्यायाचे ठरते.